कलावर्णनातील इंग्रजी लाक्षणिक शब्दप्रयोग : अर्थग्रहणाचा प्रश्न

१

रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन देवळाबाहेर आलेला भाविक 'मूर्ती मोठी प्रसन्न आहे' असे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्या मराठी माणसाला त्यात काहीच अवघड वाटत नाही. परंतु 'प्रसन्न' हे विशेषण येथे नेमके कशाचे वर्णन करते, असा प्रश्न विचारला की अडचण सुरू होते. पाषाण प्रसन्न होत नाही. मग प्रसन्नता कोणाची? मूर्तीच्या मुखाच्या घडणीची, ती घडवणाऱ्या मूर्तिकाराच्या मनाची, पाहणाऱ्या भाविकाच्या चित्ताची, की जिची ती मूर्ती आहे त्या देवतेची? या चारही अर्थांना या वाक्यात जागा आहे. मराठी भाषकाला ते सुटे करून पाहावे लागत नाहीत, कारण हा शब्दप्रयोग त्याने कोशातून नव्हे, देवळातून उचललेला असतो. परभाषक वाचकाने मात्र कोशातील पहिला अर्थ घेऊन हे वाक्य वाचले, तर दगडाला आनंद कसा होतो हे कोडे त्याला पडेल.

इंग्रजीतील कलाविषयक लेखन वाचताना मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाची अवस्था पुष्कळदा या परभाषक वाचकासारखी होते. त्याचे इंग्रजी कच्चे असते असे नव्हे. व्याकरण समजते, प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असतो, आणि तरीही चित्राविषयी वा शिल्पाविषयी काय सांगितले गेले ते हाती लागत नाही. रंग 'लाउड' असतात, रेषा 'नर्व्हस' असते, रचना 'बिझी' असते, कमान 'स्प्रिंग' होते, चित्र 'अरेस्टिंग' असते. कोश उघडला तर मोठ्या आवाजाचे रंग, घाबरट रेषा आणि अटक करणारे चित्र असे काहीतरी हाती येते.

हा प्रश्न केवळ भाषांतराच्या सोयीचा नाही. अजिंठा, वेरूळ, घारापुरी येथील कलेविषयीचे आरंभीचे विस्तृत वर्णनात्मक लेखन बव्हंशी इंग्रजीत झाले. आपल्याच कलेविषयीचे अनेक अभिप्राय आपल्यापर्यंत इंग्रजी लाक्षणिक प्रयोगांतून पोहोचले आहेत. त्या प्रयोगांचा अर्थ चुकीचा लागला, तर नसलेली निंदा दिसते किंवा असलेली निंदा दिसत नाही. म्हणून असे प्रयोग कसे उलगडावेत याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

या कामी आपल्या परंपरेतील लक्षणाविचार अतिशय उपयोगी पडतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाला बाध आला पाहिजे, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध असला पाहिजे, आणि त्या प्रयोगामागे रूढी तरी असली पाहिजे किंवा प्रयोजन तरी असले पाहिजे. 'कुशल' हा शब्द पहिल्या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण होय. कुश नावाचे दर्भ कापून आणणारा हा त्याचा व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. निपुण हाच अर्थ रूढ झाला आहे. उलट गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हणण्यामागे प्रयोजन आहे. नदीकाठी वस्ती आहे एवढेच सांगायचे नसते. त्या काठाची शीतलता आणि पावित्र्यही सुचवायचे असते.

इंग्रजी कलावर्णनातील शब्दप्रयोग समोर आला की तो रूढीचा आहे की प्रयोजनाचा, हा प्रश्न आधी विचारावा. 'स्टिल लाइफ' हा रूढीचा प्रयोग आहे. डच भाषेतून आलेल्या या संज्ञेत 'लाइफ' शब्द असला तरी त्यातून जीवनविषयक चिंतन काढीत बसण्याचे कारण नाही. फळे, भांडी, फुलदाणी अशा निश्चल वस्तूंचे चित्र एवढाच तिचा अर्थ. चित्रकलेच्या वर्गात रूढ झालेला 'स्थिरचित्र' हा शब्द तेथे पुरतो. फ्रेंचमध्ये याच प्रकाराला 'मृत निसर्ग' अशा अर्थाची संज्ञा आहे. एका भाषेने जीवन म्हटले आणि दुसरीने मृत्यू म्हटले, तरी चित्रातली फळे तीच राहतात. रूढ लक्षणेचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल. मात्र एखाद्या लेखकाने अशा चित्राविषयी लिहिताना यातील 'लाइफ' शब्दावरच भर देऊन वस्तू श्वास घेत असल्याचे म्हटले, तर रूढ संज्ञा पुन्हा जागी होते, प्रयोजन निर्माण होते आणि अनुवादकाची जबाबदारी वाढते.

आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९३६ साली रूपकाचे उपमेयाकडील व उपमानाकडील असे दोन घटक वेगळे करून दाखवले. पुढे लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० साली, रूपक हा काव्याचा अलंकार नसून रोजच्या विचाराचीच एक रीत आहे, असे प्रतिपादन केले. रांजणगावचे मंदिर पूर्वाभिमुख आहे आणि दक्षिणायनाच्या काळात सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडतात असे सांगितले जाते. येथे किरण 'पडतात' हे म्हणणेही लाक्षणिकच आहे. इंग्रजीतही किरण 'फॉल' होतात. दोन्ही भाषांनी प्रकाशाला वरून पडणारी वस्तू मानले आहे. अशा ठिकाणी शब्दशः भाषांतर चालून जाते, आणि त्यामुळेच ते सर्वत्र चालेल असा भ्रम निर्माण होतो.

३

प्रयोग लाक्षणिक आहे हे कळले, तरी तो कोणत्या गोष्टीविषयी आहे हे ठरवावे लागते. मायकेल बॅक्सँडॉल या कलेतिहासकाराने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या 'पॅटर्न्स ऑफ इंटेन्शन' या ग्रंथाच्या आरंभी या प्रश्नाची चर्चा केली आहे. चित्राचे वर्णन म्हणून आपण जे शब्द वापरतो, ते फार थोड्या वेळा थेट चित्रातील रंगरेषांचे असतात, असे त्याचे निरीक्षण आहे. काही शब्द चित्राची दुसऱ्या कशाशी तरी तुलना करतात. काही शब्द चित्र ज्या कृतीतून निर्माण झाले त्या कृतीविषयी अनुमान सांगतात. आणि काही शब्द पाहणाऱ्यावर झालेला परिणाम सांगतात. यांना आपण अनुक्रमे साम्यवाचक, कारणवाचक आणि परिणामवाचक म्हणू.

चित्राला 'रिदम' आहे असे म्हणणे साम्यवाचक होय. चित्रात काळ वाहत नाही. तरीही आकारांची पुनरावृत्ती संगीतातील आवर्तनासारखी भासते. मराठीत येथे 'लय' हा शब्द स्थिरावला, आणि त्याला केवळ भाषांतराहून मोठी प्रतिष्ठा मिळाली ती बा. सी. मर्ढेकरांमुळे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार कल्पिले. यातील संवाद स्वरांच्या वा बोलण्याच्या मेळाकडे, विरोध संघर्षाकडे आणि समतोल तराजूकडे बोट दाखवतो. तिन्ही शब्द मुळात दुसऱ्या क्षेत्रांतून आलेले आहेत. मर्ढेकरांच्या मांडणीत ते पारिभाषिक झाले, म्हणजेच प्रयोजनाकडून रूढीकडे गेले. मराठी समीक्षेच्या अभ्यासकाने ही वाटचाल ध्यानात ठेवावी.

'सेन्सिटिव्ह लाइन' हा प्रयोग कारणवाचक आहे. रेषेला संवेदना नसते. ती ओढणाऱ्या हाताला असते. हाताचा गुण रेषेवर आरोपित झाला आहे. 'संवेदनशील रेषा' असे म्हणून आपण मोकळे होतो, परंतु वाचकाला त्यातून काही दिसत नाही. आकाराच्या बारीकसारीक वळणानुसार जाड-बारीक होत जाणारी, दाब कमी-अधिक करीत ओढलेली रेषा, असा त्याचा आशय आहे. तसेच 'इकॉनॉमी ऑफ लाइन' म्हणजे रेषांची काटकसर नव्हे. काटकसरीत चणचणीची छटा आहे. येथे संयमाची आहे. 'मोजक्या रेषांत' ही साधी मराठी शब्दयोजना तेथे अधिक जवळ जाते.

'अरेस्टिंग' हे विशेषण परिणामवाचक आहे. चित्र कोणाला पकडत नाही, जाणारा थबकतो. मराठीत चित्र 'नजर खिळवून ठेवते'. इंग्रजी प्रयोगात वाटसरूला थांबवले आहे, मराठीत नजरेला खिळा ठोकला आहे. उपमान वेगळे, परिणाम एकच. अशा वेळी उपमान सोडून परिणाम घ्यावा.

आरंभीचा 'प्रसन्न' शब्द आता पुन्हा पाहावा. तो एकाच वेळी कारणवाचक आणि परिणामवाचक आहे, शिवाय भाविकाच्या दृष्टीने तो देवतेविषयीचे सरळ विधानही आहे. इंग्रजी कलावर्णनातील अनेक शब्द असेच दुपेडी वा तिपेडी असतात. त्यांचा एकच अर्थ शोधण्याचा हट्ट धरणे योग्य नव्हे.

४

सर्वांत अधिक फसगत होते ती एका इंद्रियाचा अनुभव दुसऱ्या इंद्रियाच्या शब्दांत सांगणाऱ्या प्रयोगांमध्ये. इंग्रजीत न शोभणारे तीव्र रंग 'लाउड' असतात, म्हणजे कानाला त्रास देणारे. आणि दबलेले रंग 'म्यूटेड' असतात, म्हणजे आवाज बंद केलेले. मराठीने येथे कानाचा आधार घेतलेला नाही. आपले रंग 'भडक' असतात, आणि त्या शब्दाचे नाते भडकण्याशी, म्हणजे आगीशी आहे. दबलेले रंग 'मंद' वा 'सौम्य' असतात. एखाद्या इंग्रजी परिच्छेदात 'लाउड'पासून सुरुवात करून 'नॉइज', 'सायलेन्स' असे शब्द पुढे रचत नेले असतील, तर 'भडक' हा शब्द त्या मालिकेला पुढे नेऊ शकत नाही. तेथे मालिकेचा आधार कान आहे हे ओळखून 'गोंगाट' आणि 'निःशब्दता' यांकडे वळावे लागते. एकट्या प्रयोगाचा आणि प्रयोगमालिकेचा न्याय वेगवेगळा असतो.

'वॉर्म' आणि 'कूल' या रंगविशेषणांसाठी 'उष्ण' आणि 'शीत' हे शब्द चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकांत पक्के झाले आहेत. तांबडा, नारिंगी, पिवळा हे उष्ण. निळा व त्याच्या बाजूचे शीत. वर्गीकरण म्हणून हे निर्दोष आहे. परंतु मूल्यमापनाच्या वाक्यात हे शब्द आले की वारे उलट दिशेने वाहू लागते. इंग्रजीत ऊब हा गुण आहे आणि थंडपणा हा बहुधा दोष. मराठीत, विशेषतः आपल्या हवामानात, शीतलता हा गुण आहे. डोळ्यांना गारवा वाटला ही स्तुती होय. तापट, तापदायक हे शब्द दोषाचे होत. म्हणून एखाद्या चित्राला इंग्रजी समीक्षकाने 'कोल्ड' म्हटले असेल आणि आपण 'शीतल' असे भाषांतर केले, तर निंदेची स्तुती होते. त्याला म्हणायचे असते की चित्र भावशून्य आहे. मराठीत अशा चित्राला आपण थंड म्हणण्यापेक्षा 'कोरडे' म्हणू. जेथे इंग्रजी तापमान मोजते, तेथे मराठी ओलावा पाहते.

'नर्व्हस' या शब्दात काळाचा सापळा आहे. आज त्याचा अर्थ घाबरलेला, अस्वस्थ असा होतो. परंतु जुन्या इंग्रजीत 'नर्व्ह' म्हणजे स्नायूबंध, आणि 'नर्व्हस' म्हणजे पिळदार, जोमदार. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील लेखकाने रेखाटनाला 'नर्व्हस' म्हटले असेल, तर ती प्रशंसा असण्याचा संभव मोठा आहे. विसाव्या शतकातील लेखकाने म्हटले असेल, तर थरथरती, अस्थिर रेषा अभिप्रेत असेल. लेखनाचे साल पाहिल्याखेरीज अशा शब्दाचा अर्थ लावू नये.

५

इंग्रजी वर्णनाची आणखी एक लकब म्हणजे निश्चल वस्तूला गती देणे. स्तंभ 'राइझ' होतात, कमान 'स्प्रिंग' होते, भिंत 'रन' करते, दालन दुसऱ्या दालनात 'ओपन' होते, शिखर 'सोअर' करते. वस्तुतः हलते ती पाहणाऱ्याची नजर. तिची गती वस्तूवर लादली जाते. ही लकब मराठीला परकी नाही. 'हा रस्ता शिरूरला जातो' असे आपण म्हणतो, तेव्हा रस्ता जागचा हलत नाही. मात्र कोणत्या वस्तूला कोणती गती द्यायची, याचे संकेत प्रत्येक भाषेचे निराळे आहेत. मराठीत रस्ता जातो, वाट वळते, शिखर गगनाला भिडते. परंतु भिंत धावत नाही आणि दालन दालनात उघडत नाही, दार उघडते.

रांजणगावचे मंदिर हे उदाहरण म्हणून घेता येईल. तेथील गाभाऱ्याच्या बांधकामाशी माधवराव पेशव्यांचे आणि सभामंडपाशी इंदूरच्या सरदार किब्यांचे नाव जोडले जाते. 'सभामंडप गाभाऱ्यात उघडतो' हे वाक्य मराठी शब्दांचे असले तरी मराठी नव्हे. 'सभामंडपातून गाभाऱ्यात जाता येते' हे मराठी होय; त्यात नजरेच्या जागी चालणारा माणूस आला आहे. कळस मंदिराला 'क्राउन' करतो याचे 'मुकुट घालतो' असे करण्यात अर्थ नाही. कळस चढतो, आणि 'कळस चढणे' या मराठी प्रयोगाला स्वतःची अशी लाक्षणिक समृद्धी आहे. उलट शिल्प प्रकाश 'कॅच' करते याला 'शिल्प प्रकाश झेलते' असे म्हणता येईल, कारण 'झेलणे' या क्रियापदात घेण्याची तत्परता आहे. नियम सरसकट सांगता येत नाही. प्रत्येक प्रयोग मराठीच्या कानाने तपासावा लागतो.

६

आतापर्यंतचे विवेचन एका प्रत्यक्ष उदाहरणाला लावून पाहू. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या आणि १८९६–९७ मध्ये त्यांवरील दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. मूळ चित्रांची पडझड त्यानंतरही होत राहिली. त्यामुळे त्या काळातील शब्दवर्णनांना पुराव्याचे मोल आले आहे. चित्राचा जो भाग आज दिसत नाही, त्याच्याविषयी शब्दच बोलतात. आणि त्या शब्दांचा अर्थ चुकला, तर दुरुस्त करून घ्यायला समोर चित्र नसते.

सोळाव्या लेण्यातील एका चित्राविषयी ग्रिफिथ्स यांचा अभिप्राय सुप्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की करुणेच्या आणि आपली कथा निःसंदिग्धपणे सांगण्याच्या बाबतीत या चित्राला कलेच्या इतिहासात तोड नाही. फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने याहून चांगले रेखाटन केले असते, व्हेनिसच्या चित्रकाराने याहून चांगला रंग दिला असता, पण याहून अधिक भाव दोघांपैकी कोणालाही त्यात आणता आला नसता. या एका अभिप्रायात उलगडण्यासारख्या चार गोष्टी आहेत.

पहिली, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस. ही केवळ दोन शहरे नव्हेत. सोळाव्या शतकातील इटलीत रेखाटन श्रेष्ठ की रंग श्रेष्ठ हा वाद गाजला. फ्लॉरेन्सचे चित्रकार रेखाटनाचे व व्हेनिसचे चित्रकार रंगाचे कैवारी मानले गेले. वासारीने १५५० साली प्रसिद्ध केलेल्या कलावंतचरित्रांत फ्लॉरेन्सचा पक्ष उचलून धरला होता. ग्रिफिथ्स यांनी या दोन नावांतून युरोपीय चित्रकलेची दोन शिखरे उभी केली आहेत. हा संदर्भ नसेल तर वाक्यातील तुलना निरर्थक वाटते. असेल तर स्तुती किती मोठी आणि किती मोजूनमापून केलेली आहे ते कळते. रेखाटन आणि रंग या दोन्ही बाबतींत अजिंठ्याला दुय्यम स्थान देऊनच ही स्तुती झाली आहे, हेही नजरेआड करू नये.

दुसरी, भाव 'थ्रो' करण्याची भाषा. इंग्रजीत भाव चित्रात फेकला जातो. मराठीत तो 'ओतला' जातो. फेकण्यात जोर आहे, ओतण्यात रस आहे. येथे मूळ प्रयोग रूढ असल्याने 'ओतणे' निःशंकपणे वापरावे.

तिसरी, चित्राने कथा 'सांगणे'. इंग्रजीत हा प्रयोग इतका रूढ आहे की त्यातील आरोप जाणवत नाही. आपल्याकडे मात्र पिंगुळीच्या चित्रकथीपुढे चित्र असते आणि कथा तो स्वतः सांगतो; चित्र दाखवायचे, कथा गायची, अशी कामाची वाटणी तेथे आहे. चित्र आपली कथा आपणच सांगते असे म्हणताना ग्रिफिथ्स हे निवेदकाविना समजणाऱ्या चित्राची अपेक्षा गृहीत धरतात.

आणि चौथी गोष्ट येथेच निघते. ज्या चित्राची कथा निःसंदिग्ध मानली गेली, ते 'डाइंग प्रिन्सेस', म्हणजे मरणोन्मुख राजकन्या, या नावाने प्रसिद्ध झाले. पुढील संशोधनात हे दृश्य बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याच्या कथेतील असल्याचे निश्चित झाले. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्याने परिचित झालेली ही कथा. चित्रातील स्त्री नंदाची पत्नी सुंदरी आहे. पतीने भिक्षुव्रत घेतल्याचे कळून ती मूर्च्छित झाली आहे. ती मरत नाही. झुकलेली मान, मिटू पाहणारे डोळे, सावरणाऱ्या दासी हे चित्रात आहे. मरण हे पाहणाऱ्याने काढलेले अनुमान आहे. करुणेचा परिणाम खरा होता, कारणाची अटकळ चुकली होती. परिणामवाचक आणि कारणवाचक शब्द वेगळे करण्याची गरज काय, याचे उत्तर या चित्राच्या नावातच मिळते.

७

शेवटचे उदाहरण आपल्याला रांजणगावी परत नेते. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लेखनात हिंदू देवतामूर्तींविषयी 'ग्रोटेस्क' हे विशेषण वारंवार आढळते. मराठीत ते 'विद्रूप', 'ओबडधोबड' वा 'बीभत्स' असे उतरते आणि वाचकाला राग येतो. राग येण्यासारखे पुष्कळ आहेच. पार्थ मित्तर यांनी 'मच मॅलाइन्ड मॉन्स्टर्स' (१९७७) या ग्रंथात भारतीय कलेविषयीच्या युरोपीय प्रतिक्रियांचा इतिहास साधार मांडला आहे. तथापि या शब्दाचा उगम निंदेत नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये नीरो बादशहाच्या गाडल्या गेलेल्या प्रासादातील भित्तिचित्रे उजेडात आली. त्यांत मानव, पशू व वेली एकमेकांत मिसळलेल्या कल्पित आकृती होत्या. ते दालन गुहेसारखे भासल्याने गुहेच्या इटालियन शब्दावरून या नक्षीला नाव पडले. म्हणजे 'ग्रोटेस्क' ही आधी मिश्राकृतींच्या अलंकरणाची पारिभाषिक संज्ञा होती. आपल्याकडील व्याल, मकर, कीर्तिमुख या आकृती पाहणाऱ्या युरोपीय माणसाला हा शब्द सुचणे स्वाभाविक होते. अजिंठ्याच्या छतांवरील गमतीदार बुटक्या आकृतींना व पानाफुलांच्या नक्षीला कोणी 'ग्रोटेस्क' म्हटले असेल, तर तेथे 'कल्पित मिश्राकृती' असा अर्थ घेणेच न्याय्य होय.

मात्र पूजेच्या मूर्तीविषयी हाच शब्द येतो तेव्हा तो बहुधा निवाडा असतो. जॉन रस्किन यांचे उदाहरण बोधप्रद आहे. व्हेनिसच्या वास्तुकलेवरील ग्रंथात (१८५१–५३) त्यांनी 'ग्रोटेस्क'चे उदात्त आणि हीन असे दोन भेद करून पहिल्याचा गौरव केला. परंतु 'द टू पाथ्स' (१८५९) मध्ये, भारतीय कला माणूस न रेखाटता आठ हातांचा राक्षस रेखाटते, अशा आशयाची तक्रार केली. आपल्या परंपरेतील मिश्राकृतीला जी सवलत दिली, ती त्यांनी परक्या परंपरेतील मिश्राकृतीला नाकारली. अशा ठिकाणी 'अद्भुत' असा गोड शब्द घालून निंदा लपवणे हे अनुवादकाचे काम नव्हे. निवाडा निवाडा म्हणूनच उतरवावा, म्हणजे त्याला उत्तर देता येते.

उत्तर आपल्याच भाषेत आहे. गणपतीच्या बारा नावांत 'सुमुख' आहे आणि 'विकट'ही आहे. 'लंबोदर' आहे, 'गजकर्णक' आहे. ज्याचे मुख सुंदर तोच विकट, असे म्हणताना परंपरेला विसंगती वाटली नाही. रांजणगावच्या महागणपतीच्या दृश्य मूर्तीमागे दहा सोंडा व वीस हात असलेली 'महोत्कट' नावाची मूर्ती असल्याची लोकश्रद्धा सांगितली जाते. 'उत्कट' आणि 'विकट' या शब्दांत आकाराचा अतिरेक आहे, पण त्यात तिरस्कार नाही. रस्किनना आठ हात खुपले. येथे वीस हात सामर्थ्याचे वाचक ठरले. एकाच प्रकारच्या आकृतीविषयी दोन भाषांनी दोन मूल्ये साठवली आहेत, आणि कोश या दोन शब्दांना समोरासमोर ठेवतो तेव्हा हा फरक पुसला जातो.

८

या विवेचनातून अर्थग्रहणाची एक पद्धती हाती येते. प्रयोग समोर आला की मुख्यार्थाला बाध कोठे येतो ते प्रथम पाहावे. मग तो रूढ आहे की लेखकाने हेतुपुरस्सर योजलेला आहे ते ठरवावे. त्यानंतर तो वस्तूशी साम्य सांगतो, कर्त्याच्या कृतीविषयी अनुमान करतो, की पाहणाऱ्यावरील परिणाम नोंदवतो, हे वेगळे करावे. लेखनाचे साल आणि त्यामागील कलेतिहासाचा संदर्भ तपासावा. मराठी प्रतिशब्दाचा शोध या सर्वांनंतर घ्यावा. आपल्या वर्गांतून पुष्कळदा हा क्रम उलटा चालतो. प्रतिशब्द आधी मिळतो आणि अर्थ त्यामागून फरफटत येतो.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला याची गरज अधिक आहे, कारण त्याची स्वतःची समीक्षाभाषा दृश्यकलेच्या शब्दांवर उभी आहे. आपण कवितेचा 'पोत' पाहतो, कथेतील 'व्यक्तिचित्रे' तपासतो, कादंबरीची 'पार्श्वभूमी' सांगतो, भावनेच्या 'छटा' मोजतो. चित्रकलेत 'पर्स्पेक्टिव्ह'साठी आपण 'यथार्थदर्शन' हा शब्द घडवला. वस्तुतः ते तंत्र वस्तू आहे तशी दाखवत नाही, एका जागेवरून दिसते तशी दाखवते. म्हणूनच इंग्रजी लेखक एखाद्या घटनेला योग्य 'पर्स्पेक्टिव्ह'मध्ये ठेवा असे म्हणतो, तेव्हा आपला हा शब्द उपयोगी पडत नाही आणि 'परिप्रेक्ष्य' शोधावे लागते. दुसऱ्या बाजूने, कादंबरीचा 'कॅनव्हास' मोठा आहे असे म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. पण चित्र काढण्याचे कापड या अर्थाचा 'पट' हा शब्द आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि 'कादंबरीचा पट विस्तृत आहे' असे म्हणताना तीच प्रतिमा अधिक सहजपणे येते.

पदव्युत्तर वर्गात हा विषय शिकवणाऱ्या अध्यापकाला एक साधा अभ्यास सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या एखाद्या मूर्तीचे वर्णन प्रथम मराठीत लिहावे आणि त्यातील 'रेखीव', 'ठसठशीत', 'बोलका', 'प्रसन्न' अशा प्रत्येक शब्दासमोर तो मूर्तीविषयी आहे, मूर्तिकाराविषयी आहे की स्वतःविषयी, याची नोंद करावी. स्वभाषेतील लक्षणा अशी उलगडून पाहिलेल्या विद्यार्थ्याला परभाषेतील लक्षणा ओळखणे जड जाणार नाही. रांजणगावला पहाटे दर्शनाला गेलेला आणि मूर्तीला 'प्रसन्न' म्हणणारा माणूस एका शब्दात किती गोष्टी सांगत असतो, याची जाणीव झाली की इंग्रजी लेखकाच्या एका शब्दातही तितक्याच गोष्टी असू शकतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.